धरलं की ढकललं

बाजारात सगळे त्याला काटेकोर म्हणत. वजनकाटे तपासायचे ही त्याची नोकरी, आणि स्वभाव असा की समोरच्याने नमस्कार केला तरी हा मनातल्या मनात तो तोलून बघे, यातला खरा किती आणि कामापुरता किती. बावीस वर्षं त्याने दुकानादुकानांतून काट्यांवर पितळी वजनं ठेवली होती. प्रत्येक काटा तीनदा तपासला होता आणि एकदा दिलेला अहवाल कधी मागे घेतला नव्हता. सगळ्या बाजाराचं वजन करणारा हा माणूस स्वतः मात्र काट्यावर उभा राहत नसे. त्याच्या पोटाकडे पाहिलं की कारण विचारायची गरज पडत नसे.

असा हा माणूस महिन्याच्या सुरुवातीला धान्याच्या एका गोदामात सगळ्यांसमोर उताणा पडला.

गोदामातला काटा म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच असा लोखंडी चौथरा. त्यावर पोती ठेवायची आणि शेजारच्या खांबावरचा आकडा वाचायचा. काटेकोराने आधी काटा बंद केला, स्वतःचं वजन कुणाला दिसू नये म्हणून, आणि मग खांबावरचा क्रमांक वाचायला तो चौथऱ्यावर चढला. तेवढ्यात पोती उचलणाऱ्या हमालाशी त्याची बाचाबाची झाली. तू पोतं मुद्दाम आपटून ठेवतोस, हा म्हणाला. मुद्दाम नाही, जड आहे म्हणून, तो म्हणाला. हमाल अंगाने एवढा की त्याच्यामागे बसून वाचायचं तर दिवसाही दिवा लावावा लागेल. तो दोन ढांगांत पुढे आला, त्याचा पंजा काटेकोराच्या छातीवर आला, शर्टाचं दुसरं बटण टणकन उडालं आणि काटेकोर खाली. उजवं कोपर सुजलं. मागून कुणीतरी हसलं, ते सुजेपेक्षा जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी त्याने अहवाल लिहिला. "हमालाने छातीवर ढकलले." हमालाला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "मी साहेबांना धरलं." काटेकोराने तेही टिपून ठेवलं: "हमालाने अंगाला हात घालून धरल्याचे स्वतः मान्य केले आहे." जमिनीवर सापडलेलं बटण पाकिटात घातलं आणि त्यावर लाखेचा शिक्का मारला. पुरावा म्हणजे पुरावा. दुसऱ्या दिवसापासून हमालाला घरी बसवण्यात आलं. चोवीस दिवसांनी चौकशी होती. तिथे दोघांनी समोरासमोर उभं राहायचं होतं, आणि आरोप शाबीत झाला तर हमालाला त्या गोदामातच काय, बाजारातल्या कुठल्याच गोदामात काम मिळणार नव्हतं.

"आणि मग तो काय करेल, सांगता येत नाही हं साहेब," कचेरीतला कारकून म्हणाला. हा कारकून सहज म्हणून असं काहीबाही बोलत असे, पण काटेकोर सहज काही ऐकत नसे. त्या दिवसापासून त्याला जिकडेतिकडे हमालच दिसायला लागला. न्हाव्याच्या दुकानाबाहेर रुंद पाठ दिसली की हा रस्ता बदली. एकदा तर कचेरीसमोरच्या फुटपाथवर तो खरोखरच उभा होता. हात मागे, नजर दारावर. वीस मिनिटं झाली तरी हलला नाही. काटेकोर मागच्या दाराने घरी गेला. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"मी स्वसंरक्षण शिकणार आहे," त्याने घरी जाहीर केलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुणापासून?"

"कुणापासूनही."

"अहो, जिना चढून आलात की पाच मिनिटं तुम्हाला बोलता येत नाही. मारणारा आला तर काय सांगणार, जरा थांब बाबा, दम खातो, मग सुरू कर?"

"चेष्टा नको. तो माझ्या मागावर आहे."

"मग जाऊन विचारा ना त्याला, काय हवंय म्हणून."

काटेकोराने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हिला कळत नव्हतं की माणसाला काय हवंय हे विचारून कधी कळत नसतं. तो खोटंच सांगतो.

शिकायचं ठरलं, पण कुठे शिकायचं? भिंतीभिंतीवर जाहिराती. काटेकोराने यादी केली आणि काटे तपासावेत तसे एकेक वर्ग तपासायला निघाला.

पहिला वर्ग कराटेचा, खुर्च्या-टेबलांच्या दुकानावरच्या माडीवर. दारातच फळीवर चषकांची रांग. मास्तर नोंदवही आणायला आत गेले तसा याने एक चषक उलटा करून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांच्या बुडाला एकाच दुकानाची चिठ्ठी आणि एकच तारीख. मास्तर परत येऊन म्हणाले, "तीन महिन्यांत पट्टा. नक्की."

"माझं वय, वजन काही न विचारता?"

"त्याने काय होतंय? आपल्याकडे सगळ्यांनाच मिळतो."

माल न तोलताच वजन सांगून मोकळा होणारा व्यापारी त्याने पुष्कळ पाहिला होता. तो जिना उतरला.

दुसरा बॉक्सिंगचा. तिथे घामाचा वास खरा होता, एवढं त्याने मान्य केलं. मास्तरांनी हातात दोरी दिली. अकराव्या उडीला त्याच्या कानात ढोल वाजायला लागले आणि तो बाकावर जाऊन बसला. बसल्या बसल्या रिकामा वेळ नको म्हणून त्याने खिशातून घड्याळ काढलं आणि भिंतीवरच्या घंटेची वेळ मोजली. तीन मिनिटांची फेरी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपत होती. तीनदा मोजलं, तिन्हीदा तेच.

"तुमची घंटा फेरीतले वीस सेकंद खाते," तो मास्तरांना म्हणाला.

"अहो काका, मुलं उलट खूश होतात."

"गिऱ्हाईक खूश असलं म्हणून मापात पाप चालत नाही," काटेकोर म्हणाला, आणि तिथूनही बाहेर पडला. बाहेर येऊन पानवाल्याच्या टपरीला धरून तो बराच वेळ उभा होता, पण ते मास्तरांना दिसलं नाही.

तिसरं एका दिवसाचं शिबिर, "एका बोटात शत्रू गार." शिकवणारा गृहस्थ पीळदार मिशांचा. त्याने आपल्याच जोडीदाराच्या मानेकडे बोट नेलं आणि जोडीदार धाडकन कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काटेकोर पायांकडे बघत होता. बोट मानेला लागायच्या आधीच गड्याचे गुडघे वाकले होते.

"माझ्यावर करून दाखवा," तो पुढे होऊन म्हणाला.

गृहस्थाने मानेवर बोट दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला, गृहस्थाच्या.

"जरा डावीकडे घ्या," काटेकोर म्हणाला. "तिथे केव्हापासून खाजतंय."

लोक हसले आणि त्यालाही दोन घटका बरं वाटलं. पण घरी येताना फुटपाथवरच्या प्रत्येक रुंद सावलीला तो दचकत होता. चोवीसातले आठ दिवस भीतीत आणि सगळ्यांच्या खोड्या काढण्यातच गेले होते आणि आपल्या अंगात अकरा उड्यांपलीकडे काही नाही, हे एकच वजन आजवर खरं निघालं होतं.

शेवटी पत्ता बायकोने दिला. "आपले पडदे शिवतात ना, त्या बाई. मागच्या खोलीत ज्युदो शिकवतात म्हणे."

"म्हणे म्हणजे? तुला कुणी सांगितलं?"

"पडद्याने," बायको म्हणाली.

पुढे शिवणयंत्रं, मागे गाद्या अंथरलेली लांबट खोली. बाई साठीच्या, अंगाने चिमणीएवढ्या, गळ्यात मोजायची फीत. शिंपीणबाई म्हणूनही बाई आणि गुरू म्हणूनही बाईच. काटेकोराने उभ्या उभ्याच उलटतपासणी सुरू केली. चषक कुठे आहेत? नाहीत. किती दिवसांत येतं? माहीत नाही. मग इथे शिकवतात तरी काय?

"पडायला," बाई म्हणाल्या.

"आणि मारायला?"

"इथे कुणी कुणाला मारत नाही. धरायचं आणि पाडायचं. पण आधी पडायचं."

"पडता मला येतं."

"येत नाही. उजवं कोपर अजून जपताय तुम्ही. हात मागे टेकून पडला असाल."

काटेकोर चपापला. हिला कुणी सांगितलं? गोदामातलं हसणं इथवर पोचलं होतं का? हमालाचे पडदे हीच शिवत असेल का? तो निघणारच होता, पण बाईंनी कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवला.

"चढा. जोडीदार वजनाला वजन बघून देते मी."

काटा समोर आला की काटेकोराचे डोळे आपोआप सुईवर जात. "रिकामा काटा दोन किलो दाखवतोय!" त्याने जवळजवळ आनंदाने सांगितलं. "शून्यावर नाही हा!"

बाईंनी वाकून चकती फिरवली. "आता आहे. चढा."

पळायला जागा उरली नाही. आकडा किती आला ते सांगत नाही. तो तीनदा चढला आणि तिन्ही वेळा तोच आला, एवढं पुरे.

त्या वजनाला साजेसा जोडीदार मिळाला एक बसचालक. हसतमुख माणूस, पण दंड थेट हमालासारखे. "तुमचं कुणी धान्याच्या गोदामात असतं का हो?" काटेकोराने पहिल्याच दिवशी विचारलं.

"छे. एक मेहुणा आहे, तो पोस्टात."

दुसऱ्या दिवशी काटेकोराने पोस्टात जाऊन खात्री करून घेतली. मेहुणा होता. तिकिटं बरोबर देत होता.

मग रोज संध्याकाळी पडणं सुरू झालं. हनुवटी छातीला लावायची, जणू तिथे महत्त्वाचा कागद दाबून धरलाय. पाठ गोल करायची. हात मागे टेकायचा नाही, दोन्ही तळवे गादीवर सपकन मारायचे, म्हणजे धक्का हातांत विरतो. ऐकायला सोपं, पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंगाला पडायचं म्हटलं की ते आधी घाबरतं आणि मग लाकडासारखं ताठ होतं. पहिले चार दिवस तो असा पडला की पुढच्या खोलीतली शिवणयंत्रं थांबली. "पैसे देऊन पडतोय मी," तो बायकोला म्हणाला. "नाही तर फुकट पडायची माझी योग्यता आहे." तरी जात राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाचव्या दिवशी तळवे वेळेवर वाजले आणि डोक्याला काहीच झालं नाही, तेव्हा त्याला लहानपणीसारखं खुदकन हसू आलं. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने लगेच आजूबाजूला पाहिलं.

चौकशीला तीन दिवस उरले असताना बाईंनी बसचालकाला सांगितलं, "आज यांना खरं पाडा."

ज्युदोचं जाड जाकीट घालून दोघं समोरासमोर उभे राहिले. बसचालकाने एका हाताने त्याची बाही धरली, दुसऱ्याने छातीवरची पट्टी. तीच जागा, तसाच पंजा. पुढच्या क्षणी पायाखालची जमीन गेली, छत दिसलं, आणि टर्रकन आवाज झाला. तो गादीवर पडला, पण अलगद. डोकं गादीला टेकलंच नाही. जाकिटाची पट्टी मात्र शिवणीतून उसवली होती.

"ओढलं यांनी मला!" तो उठून बसत ओरडला. "पाडायचं ठरलं होतं, ओढायचं कशाला? बघा, फाडलं जाकीट!"

बसचालक ओशाळला. बाई मात्र सुईत जाड दोरा ओवत शांतपणे गादीवरच येऊन बसल्या. "आणा इकडे. अहो, ओढलं म्हणून तर डोकं वाचलं. पाडणाऱ्याने शेवटपर्यंत धरून ठेवायचं असतं, वर ओढून. खाली जाणाऱ्याचं सगळं वजन त्या एका मुठीत येतं, मग कापड उसवतं. रोज दोन-चार जाकिटं शिवते मी." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "ढकलून द्यायचं असतं ना, तर कापडाला काही होत नाही. ढकलल्याने कापड फाटत नाही. धरल्याने फाटतं."

बाई टाके घालत होत्या आणि काटेकोर त्यांच्या सुईकडे बघत होता.

घरी आल्यावर त्याने कपाटातून ते पाकीट काढलं. चौकशीत सादर करायला म्हणून ते त्याच्याच ताब्यात होतं. स्वतः मारलेलं सील स्वतः फोडायचं म्हणजे त्याच्या लेखी महापाप. त्याने ते फोडलं. बटणाच्या भोकांत दोरा तसाच होता आणि दोऱ्याला शर्टाच्या कापडाचा बोटभर तुकडा लोंबत होता. मुळासकट उपटल्यासारखा.

"इकडे ये," त्याने बायकोला हाक मारली. जुना शर्ट चढवला, सगळी बटणं लावली आणि भिंतीपाशी गादी टाकून तिच्यापुढे उभा राहिला. "मला ढकल. छातीवर. जोरात."

बायकोने पदर खोचला. "अहो, ही संधी मी वीस वर्षं शोधतेय."

तिने असं मनापासून ढकललं की तो गादीवर दाणकन बसला. बटणं जागच्या जागी. पुन्हा ढकललं. पुन्हा. तिसऱ्या खेपेला तिला जरा जास्तच मजा येतेय असा त्याला संशय आला, पण बटण एकही हललं नव्हतं.

"आता मी मागे पडतो. तू मला धर."

तो टाचांवर मागे कलला. बायकोने घाबरून पंज्यात येईल ते धरलं, नेमकं छातीवरचं कापड. टण्. बटण उडून कपाटाखाली गेलं. काटेकोर गादीवर पडला, हळूच.

"आणखी दोनदा," तो पडल्या पडल्या म्हणाला.

"कशाला? कळलं की."

"तीनदा केल्याशिवाय मी लिहीत नाही."

आणखी दोनदा झालं आणि आणखी दोन बटणं गेली. मग तो उठलाच नाही. आता त्याला ते आठवत होतं जे इतके दिवस आठवायला सवडच झाली नव्हती. खांबावरचा क्रमांक नीट दिसेना म्हणून त्याने एक पाऊल मागे घेतलं होतं. टाचेखाली चौथरा नव्हता. हमाल पुढे आला तो त्यानंतर. आणि "मी साहेबांना धरलं" म्हणाला तेव्हा तो कबुली देत नव्हता, खरं काय झालं ते सांगत होता. पडताना धरतात त्यालाही धरलंच म्हणतात आणि गचांडी धरतात त्यालाही धरलंच. काटेकोराला एकच अर्थ ऐकू आला, कारण ऐकायच्या आधीच त्याचा काटा शून्यावर नव्हता.

"मी त्याचं वाटोळं केलं," तो छताकडे बघत म्हणाला. त्याला मनापासून लाज वाटत होती. "डोकं वाचवलं त्याने माझं. आणि मी बटणाला सील मारलं."

बायको शेजारी बसली. "मग सांगा तसं जाऊन."

"बावीस वर्षांत एक अहवाल मागे घेतला नाही मी. उद्या प्रत्येक दुकानदार म्हणेल, काटेकोरसुद्धा चुकतो, मग माझ्या वेळीही चुकला असेल."

"म्हणू देत."

"मी कधी पडतं घेतलेलं नाही."

"मग दोन आठवडे काय शिकत होतात?" बायको म्हणाली. "घ्या की पडतं. बाईंनी फी घेतलीय त्याची."

चौकशीची खोली कचेरीच्या टोकाला. एक टेबल, मागे चौकशी अधिकारी, बाजूला कारकून लिहायला, आणि भिंतीशी हमाल. तो आखडून उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. तीन आठवड्यांत गालफडं बसली होती. काटेकोराने पाकीट टेबलावर ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं. यांनी मला ढकललं नाही. मी पडत होतो. यांनी धरलं.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "साहेब, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"नाही."

"हा तुमच्या कचेरीसमोर दोनदा उभा होता, असं आमच्या कानावर आहे." कारकुनाने मान आणखी खाली घातली. "धमकी दिली?"

"साहेबांना सांगायलाच आलो होतो," भिंतीकडून आवाज आला. "ते मागच्या दाराने गेले. दोन्ही वेळा."

"तुला विचारलं नाही," अधिकारी म्हणाले आणि पुन्हा काटेकोराकडे वळले. "हे सीलही फोडलेलं दिसतंय. बावीस वर्षांत न बदललेला माणूस आज एकदम बदलतो. काहीतरी पाणी मुरतंय, साहेब."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं, ते काटेकोराला पहिल्यांदाच कळलं. त्याने शर्टाचं बटण, कापड, शिवण, सगळं समजावून पाहिलं. अधिकारी मान हलवत होते, पण डोळे तोलत होते. ते डोळे तो ओळखून होता. रोज दाढी करताना आरशात दिसत.

"मी करूनच दाखवतो," तो म्हणाला. कोपऱ्यात जुन्या फायलींची चपटी लाकडी पेटी होती, वीतभर उंचीची. तिच्यावर चढून त्याने हमालाकडे तोंड केलं. "मी मागे पडतो. तुम्ही त्या दिवशी धरलंत तसं धरा."

हमाल जागचा हलला नाही.

"धरा म्हणतोय ना मी."

"नाही साहेब," हमाल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "एकदा धरलं, तर घरी बसलो. आता माझ्यासमोर कुणीही पडू दे, हात मागेच राहतात. परवा पुतण्या ओट्यावरून पडला, तरी मागेच राहिले."

काटेकोराला गोदामातलं हसणं परवडलं असतं. पुन्हा एकदा विचारायचं त्याला धाडस झालं नाही. त्याने हनुवटी छातीला लावली, पाठ गोल केली आणि टाच मागे टाकली.

फरशी म्हणजे गादी नव्हे. दोन्ही तळवे फाटकन वाजले, टेबलावरचा पेला हलला, अधिकारी खुर्चीतून उठले. डोकं शाबूत होतं, पण पोटातला सगळा श्वास निघून गेला होता आणि डाव्या कुशीतून कळ जात होती.

"हे," तो शेवटी म्हणाला, "हे दोन आठवडे शिकून पडलो. त्या दिवशी शिकलेला नव्हतो. यांनी धरलं नसतं तर आज चौकशीला मी नसतो. माझा अहवाल काढा. मी 'ढकलले' लिहिलंय ते वाक्य खोडा. आणि धरल्याचे मान्य केले लिहिलंय, त्याच्या आधी एक शब्द राहिलाय. पडताना. तो घाला. सही मी करतो."

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे मान हलवली. कारकुनाने कागद काढला, एक वाक्य खोडलं, एक शब्द ओळीच्या वर घातला आणि पेन घेऊन जमिनीशी वाकला. काटेकोराने पडल्या पडल्याच सही केली.

"हमाल उद्यापासून कामावर," अधिकारी म्हणाले. "आता उठा साहेब."

काटेकोराने उठायचा प्रयत्न केला. पोट आडवं आलं. कुशीवर वळायला गेला तर कळ आली. बाईंनी पडायला शिकवलं होतं, उठायचा धडा अजून यायचा होता. त्याने वर पाहिलं. हमाल एक पाऊल पुढे आला होता. हात अजून पाठीमागेच होते.

"साहेब," तो काटेकोराला नव्हे, अधिकाऱ्याला म्हणाला, "यांना उठवू का?"

"उठव की."

"आधी लिहून घ्या," हमाल म्हणाला. "मग हात लावतो."

अधिकारी काही बोलणार होते, पण जमिनीवरून काटेकोराचा आवाज आला. "बरोबर बोलतायत ते. लिहा. निरीक्षक स्वतः पडले. त्यांनी सांगितल्यावरून हमालाने त्यांना धरले. 'सांगितल्यावरून' हा शब्द नीट लिहा."

कारकून लिहायला बसला. त्याचं अक्षर सुंदर आणि हात सावकाश. काटेकोर फरशीवर पडून राहिला, हमाल त्याच्यावर वाकून थांबला, आणि दोघंही त्या पेनाकडे बघत राहिले. कारकुनाने तारीख घातली, वेळ घातली, वाचून दाखवलं. हमालाने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

मग त्याने मागचे हात पुढे आणले आणि काटेकोराला धरलं.